दुपारची बारी

चार एप्रिल, शुक्रवार. सकाळपासून मी गिरणी झाडत होते. उपासाचं दळण घ्यायचं असलं की ही झाडलोट टळत नाही. दगडांच्या कडेला चिकटलेलं गव्हाचं पीठ ब्रशने काढायचं, कापडी पिशवी उलटी करून झटकायची, मग मूठभर भगर टाकून गिरणी रिकामी फिरवायची आणि ते पीठ कोंबड्यांना घालायचं. एवढं झालं की उपासाच्या भाजणीचे डबे घ्यायचे. भाजणीत गव्हाचा कण गेला तर उपास मोडतो, आणि उपास मोडला की ती बाई पुढचं वर्षभर दुसऱ्याच्या गिरणीत जाते.

चतुर्थीला, एकादशीला, नवरात्रात हे दळण येतं हे सगळ्यांना माहीत आहे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत ते आमच्या ख्रिस्ती बायकांकडूनही येतं, आणि शेजारणींपेक्षा एक डबा जास्तच येतं. उपास कसा करायचा ते आम्ही शेजारणींकडून शिकलो. त्यांच्यातल्या काही कडक बायका दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाहीत. तो भाग आमच्याकडे आला नाही. साबुदाणा, शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचे पापड, रताळ्याचा कीस, एवढं मात्र नीट आलं. आमच्या आईवडिलांच्या वेळी उपास म्हणजे सरळ जेवायचं नाही. कोणी बघत नव्हतं आणि कोणी सांगतही नव्हतं. उपास लोकांना दिसू देऊ नये असं आम्हाला लहानपणी शिकवलेलं. आता उपासाचा फ्लेक्स लागतो.

त्या आठवड्यात तो चर्चच्या फाटकावर लागला होता. श्रीरामपूरहून आमच्या गावाकडे वळताना लांबूनच दिसायचा. तीन दिवसांची उपास-प्रार्थना, पाहुणे उपदेशक, आणि त्या उपदेशकाचा माईक हातात घेतलेला, डोळे मिटलेला फोटो. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की तीन दिवसांत उत्तर मिळेल. रेशनकार्डाच्या अर्जालाही इतक्या लवकर उत्तर मिळत नाही. पण फ्लेक्सवर छापलं की लोकांचा विश्वास बसतो.

त्या तीन दिवसांत साखळी प्रार्थना होती. आमच्या महिला मंडळाची ती जुनी पद्धत. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत चर्चमध्ये कोणीतरी एक जण गुडघ्यावर असलंच पाहिजे. एकेकीने एकेक तास घ्यायचा. याला बारी म्हणतात, जशी पाटाच्या पाण्याची बारी असते तशी. नियम एकच: पुढची बाई येऊन खांद्यावर हात ठेवत नाही तोपर्यंत आधीचीने उठायचं नाही. हात ठेवला की ती उठणार, ही बसणार. साखळी तुटली तर सगळ्यांची प्रार्थना वाया गेली असं मानतात. असं कोणी मानायला सांगितलं ते मला माहीत नाही.

सकाळच्या बाऱ्या लगेच जातात. गार असतं, जाता-येता लोक बघतात. संध्याकाळच्या तर भांडून घेतात, कारण तेव्हा उपदेशक आलेले असतात आणि व्हिडिओ निघतो. दुपारची बाराची बारी मात्र कोणाला नको असते. आमच्या चर्चवर पत्रे आहेत. एप्रिलात बारा वाजता तिथे बसणं म्हणजे भट्टीत बसणं. ती बारी दरवर्षी माझी मोठी जाऊ घेते.

तिला सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणते. साठीच्या पुढची आहे, अंगाने काडी, गेली काही वर्षं साखरेचा आजार. दर शुक्रवारी तिचा उपास असतो आणि तो खिचडीवाला नसतो. सकाळपासून पाणी, आणि सूर्य मावळल्यावर भाकरी. मागणं एकच आहे: नवरा परत चर्चमध्ये यावा.

हे तिचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, का येत नाहीत ते सांगते. सांगायला लाज वाटते इतकं ते क्षुल्लक आहे. माझे सासरे वारले तेव्हा भाऊजींनी त्यांच्या स्मरणार्थ चर्चला एक छताचा पंखा दिला. पात्यांवर वडिलांचं नाव रंगवून घेतलं, एका पात्यावर नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर स्मरणार्थ. पंखा फिरत असला की काही वाचता येत नसे, पण बंद असला की भाऊजी उपासना सोडून वर बघत बसायचे. पुढे चर्चला रंग दिला. रंगाऱ्याने पंख्यालाही पांढरा हात मारला. नाव गेलं. भाऊजींनी कमिटीला विचारलं तर कमिटी म्हणाली, चुकून झालं. पुन्हा रंगवून द्या म्हणाले तर कमिटी म्हणाली, मग सगळेच मागतील. त्या दिवसापासून भाऊजी चर्चच्या फाटकातून आत गेले नाहीत. आठ-नऊ वर्षं झाली. कमिटीतल्या एकालाही एक डबा रंग आणि एक ब्रश घेऊन शिडीवर चढावंसं वाटलं नाही. आणि भाऊजींनाही कधी वाटलं नाही की आपण देवासाठी नाही, पंख्यासाठी जात होतो. दोन्हीकडची माणसं बाप्तिस्मा झालेली.

आक्का मात्र मागत राहिली. मी तिला खूपदा हटकलंय.

"आक्का, देवाने ऐकलं असतं तर एव्हाना ऐकलं असतं."

"ऐकलंय त्यानं. ऐकलं न्हाई ते तुज्या भाऊजींनी."

"मग भाऊजींपुढे गुडघे टेक."

"ते पन करून बघितलं," ती म्हणायची. "ते म्हनले, चहा कर."

त्या शुक्रवारी सकाळी ती दळणाचा डबा घेऊन आली, ज्वारीचा, उपासाचा नव्हे. मी विचारलं, "गोळी घेतली?"

"घेतली की."

"आणि काय खाल्लं?"

"शुक्रवार हाय ना."

"नुसती गोळी घेतलीस? डॉक्टरांनी सांगितलंय, जेवल्याशिवाय घेऊ नको."

"गोळी काय अन्न हाय का? ती उपासाला चालती."

चालती म्हणे. आमच्याकडे काय चालतं आणि काय चालत नाही यावर बायका तासभर वाद घालतील. कोथिंबीर चालते का, हळद चालते का, मिरची हिरवी की लाल. गोळी पोटात जाऊन काय करते हा प्रश्न कोणाच्या यादीत नाही. मी तिला म्हटलं, बारी दुसऱ्या कोणाला दे. ती म्हणाली, "दुपारची कोन घेतंय? तू घेतीस?" मी गिरणी चालू केली. गिरणीच्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही.

मी साखळीत कधी नाव देत नसे. उपासही करत नसे. रविवारी चर्चला जाते, काम असेल तर काम करते, आणि देवाशी जे बोलायचं ते दळण दळताना बोलते. म्हणूनच खिचडीचं काम माझ्याकडे आलं. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई, निवृत्त शिक्षिका, स्वतः गिरणीत येऊन सांगून गेल्या होत्या.

"तुम्ही उपास धरत नाही ना, म्हणून तुम्हीच करा. आमच्यातल्या कोणी केली तर वासाने मन विचलित होतं."

"किती माणसांची?"

"दीडशे धरा. आणि तूप जरा सढळ हाताने. पाहुण्यांना कोरडी आवडत नाही."

उपास धरलेल्या दीडशे माणसांना संध्याकाळी तुपातली खिचडी. मी हो म्हटलं. माझी पातेली मोठी आहेत आणि मी केली नाही तर खिचडीचा गोळा होतो.

त्या दिवशी बाराची बारी आक्काची होती आणि एकची अध्यक्षीणबाईंची. दोनची आणखी एकीची, तीनची आणखी एकीची. पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पाहुणे उपदेशक संध्याकाळी येणार होते, ते दुपारी साडेबारालाच आले. देवळाली प्रवराला त्यांची सकाळची सभा होती, ती लवकर आटोपली. त्यांची गाडी अध्यक्षीणबाईंच्या दारात लागली. गाडी दिसल्याबरोबर गल्लीतल्या निम्म्या बायका तिथे. एकच्या बारीवाली यजमानीणच होती, ती दारातल्या पाहुण्यांना सोडून कशी जाणार? दोनची बाई सरबत ढवळत होती. तीनची बाई उपदेशकांसमोर गुडघ्यावर बसून मुलीच्या लग्नासाठी डोक्यावर हात ठेवून घेत होती. प्रत्येकीला वाटलं की आधीची अजून तिथेच असेल. आणि आधीची खरंच तिथेच होती. एकटी आक्का.

साडेतीनच्या सुमारास मी भिजवलेल्या साबुदाण्याचं पातेलं एका पोराच्या हातगाडीवर ठेवून चर्चकडे निघाले. दाण्याचं कूट, साखर, मीठ, मिरच्या वेगवेगळ्या पिशव्यांत. चर्चमागच्या पडवीत चूल मांडली होती. पडवीत पातेलं उतरवलं आणि झारा शोधायला आत डोकावले.

आक्का पुढच्या बाकाशी गुडघ्यावर होती. डोकं बाकावर टेकलेलं. पदर घामाने पाठीला चिकटलेला. मला आधी वाटलं झोपली. हाक मारली. तिने ओठ हलवले पण शब्द भलतेच. काहीतरी म्हशीबद्दल बोलत होती. तिच्याकडे म्हैस नाही, तिच्या माहेरी होती. हात लावला तर अंग बर्फासारखं, पत्र्याखाली एवढं तापलेलं असताना.

माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. साखर उतरली की माणूस कसं दिसतं ते मी घरात बघितलंय. मी पडवीत जाऊन साखरेची पिशवी आणली आणि चिमूटभर तिच्या तोंडापुढे धरली.

तिने दात आवळले.

"आक्का, तोंड उघड."

"बारी हाय माजी."

"बारी संपली. केव्हाच संपली."

"हात कुटं ठिवला कुनी?"

शुद्ध अर्धी गेलेली, पण नियम पक्का. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला म्हणजे मारलाच जवळजवळ.

"हा ठेवला. आता उघड."

तिने तोंड उघडलं. मी साखर तिच्या गालात दाबली, हळूहळू, ठसका लागू नये म्हणून. मग आणखी. थोडं पाणी. पाच-दहा मिनिटांनी तिची नजर जागेवर आली. तिने माझ्याकडे बघितलं, चर्चकडे बघितलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"मग आता तू बस."

"काय?"

"हात ठिवला ना तू? आता तुजी बारी. उटायचं न्हाई."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चर्चमध्ये बोलण्यासारखंही नव्हतं. मोबाईल काढला आणि भाऊजींना लावला.

"आक्काची साखर उतरलीय. चर्चमध्ये आहे. गाडी घेऊन या."

"बाहेर आन तिला फाटकापर्यंत," भाऊजी म्हणाले.

"मी एकटी कशी आणू?"

"मी आत येत न्हाई, तुला ठाव हाय."

"मग फाटकाशी उभे राहा आणि तिथूनच रडा," असं म्हणून मी फोन ठेवला.

दहा मिनिटांत ते शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आले. फाटकाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि मग काही वेळ काहीच नाही. नंतर चपलांचा आवाज. ते चपलांसकट आत आले, दारापासून बाकापर्यंत शिव्या देत. चर्चच्या पाळकाला एक, कमिटीला दोन, उपास शोधून काढणाऱ्याच्या सात पिढ्यांना एक, आणि आक्काला सगळ्यात मोठी. तिला लहान पोरासारखी उचलली. उचलताना एकदा, फक्त एकदा, मान वर करून पंख्याकडे बघितलं. पांढरा पंखा. मग चालते झाले.

टेम्पोत आक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती म्हणाली, "साकळी तुटली का गं?"

"तुटली. एक वाजताच तुटली. तू एकटीच धरून बसली होतीस."

ती रडायला लागली. मला वाटलं होतं की साखर खाऊन ती शहाणी होईल.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं. डॉक्टर तरुण होता, चिडलेला. "गोळी घेऊन उपाशी राहायला कोणी सांगितलं? अजून तासभर उशीर झाला असता तर?" भाऊजी म्हणाले, "आमच्याकडं हुशार लोक लई हायेत, साहेब." मला वाटतं हे त्यांनी मलाही धरून म्हटलं. पण ते चुकत होते असं नाही.

दीडशे माणसांची खिचडी कच्ची पडली होती आणि पातेली माझी होती, म्हणून मी एसटीने परत आले. चर्चजवळ पोचले तेव्हा अंधारायला लागलं होतं. माझ्याशिवाय कोणीतरी खिचडी केली होती; वासावरून कळलं की खाली लागलीय. आणि लाउडस्पीकरवर पाहुण्यांचा आवाज.

ते सांगत होते की या मंडळीत एक मनुष्य होता, ज्याचं हृदय दगडाचं झालं होतं. वर्षानुवर्षं तो प्रभूच्या घरात आला नाही. आणि आज, उपासाच्या पहिल्याच दिवशी, आमच्या पायांनी या गावाच्या भूमीला स्पर्श केल्याबरोबर, तो मनुष्य धावत प्रभूच्या घरात आला. टाळ्या. स्तुती. बायका पदराने डोळे पुसत होत्या. तीन दिवस लागले नाहीत, पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं, असं ते ओरडून म्हणाले. अध्यक्षीणबाई पहिल्या बाकावर होत्या. दुपारी आक्काचं डोकं टेकलं होतं तोच बाक.

मी मागे दारात उभी होते. मी काही भाषण करणारी बाई नाही. पण मला गप्प बसवेना.

"अहो, ते चपलांसकट आले होते," मी म्हणाले. माझा आवाज गिरणीत कमावलेला आहे, माईक लागत नाही. "आणि शिव्या देत आले होते. बायको मरायला टेकली होती म्हणून आले होते. आणि मी फोन केला म्हणून."

सगळे मागे वळले. उपदेशकांनी डोळे मिटले. ते माईकवर म्हणाले की सैतान विजयाच्या क्षणीच बोलतो, आणि गाणं सुरू करायला सांगितलं. पेटीवाल्याने सुरू केलं.

पातेली गोळा करायला पडवीत गेले तर अध्यक्षीणबाई मागोमाग आल्या.

"तुम्ही असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हो."

"एकची बारी तुमची होती."

"पाहुणे दारात आले होते ना. मला वाटलं, त्या उठून गेल्या असतील."

"ती उठणार नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही सगळ्या निवांत होता."

त्यांनी थोडा वेळ खिचडीच्या पातेल्यात बघितलं. "आता कशा आहेत?" हा प्रश्न शेवटी आला.

"जिवंत आहे," मी म्हणाले आणि पातेलं उपडं केलं.

पातेली घरी टाकून मी पुन्हा दवाखान्यात गेले. आक्का उशीला टेकून बसली होती, भाऊजी पायाशी स्टुलावर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. मी चर्चमधला प्रकार सांगितला. चमत्काराचं ऐकून आक्का हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

"आले कुटं ते? आनलं त्यांना. बायकूला उचलाय आले, देवाकडं कुटं आले."

"बरूबर बोलली," भाऊजी म्हणाले.

"म्हंजी माजं मागनं हाय तसंच हाय," ती म्हणाली. "फिटलं न्हाई ते."

तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिने हा चमत्कार दोन्ही हातांनी उचलला असता, पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली असती, टाळ्या घेतल्या असत्या. वर्षानुवर्षांच्या मागण्याचं असं आयतं उत्तर कोण सोडतं? आणि ही म्हणते, हे माझं नव्हे. इतकी वर्षं मी तिला हट्टी समजत होते. हट्टी आहेच. पण हट्टी माणूस मिळेल ते घेऊन मिरवतं, तसं तिने केलं नाही. जे मागितलं नव्हतं ते परत केलं. विश्वास म्हणतात तो असा असेल तर तो आमच्या मंडळीत फारसा कोणाकडे नाही. माझ्याकडे किती आहे ते मी मोजलेलं नाही.

"डॉक्टर म्हनले, उपास कायमचा बंद," भाऊजी म्हणाले. "ऐकलं का? कायमचा. आन मी त्या देवळात येनार न्हाई. तू मेलीस तरी."

आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.

"मी मेल्यावर तर यावंच लागंल तुमाला," आक्का म्हणाली. "पेटी कोन उचलंल?"

भाऊजी उठून बाहेर गेले. जाताना त्यांनी डोळे पुसले की घाम पुसला ते मी बघायला गेले नाही.

ते गेल्यावर आक्काचा आवाज बदलला. "आता मी काय करू गं? उपास न्हाई तर मागायचं कशाच्या जोरावर? नुसतं तोंडानं मागितलं तर तोंडाचंच ऱ्हातं. पोटातनं निघाया पायजे ना."

मला उपदेश करता येत नाही. मी म्हटलं, "खाऊन माग. तो बहिरा नाही."

"त्याचं न्हाई गं. माजं. भूक लागली की मला आटवतं, मी कशासाटी बसलीय. जेवले की इसरते." मग थोड्या वेळाने, "आन उद्या दुपारची बारी कोन घेईल? कुनी घेनार न्हाई. रिकामी जाईल. इतकी वर्सं रिकामी गेली न्हाई ती."

मी म्हटलं, झोप. ती झोपली नाही, मला कळत होतं. डोळे मिटून ओठ हलवत होती, सलाईनच्या सुईचा हात उताणा ठेवून.

मला तिचा राग येत होता. डॉक्टरने सांगितलंय, नवऱ्याने सांगितलंय, शरीराने सांगितलंय, आणि हिचं एकच, बारी रिकामी जाईल. पण त्याहून जास्त राग मला एका गोष्टीचा येत होता. ती म्हणत होती ते खरं होतं. उद्या ती बारी रिकामी जाणार होती. गाडीमागे धावणाऱ्या, तूप सढळ मागणाऱ्या आमच्या बायकांपैकी एकही बारा वाजता त्या पत्र्याखाली बसणार नव्हती. आणि रिकामी गेली हे आक्काला कळलं असतं, तर गोळी घेऊन पुन्हा उपाशी तिथेच जाऊन बसली असती, पुढच्या शुक्रवारी नाही तर त्याच्या पुढच्या. तिला डॉक्टर थांबवू शकत नव्हता. भाऊजी तर नाहीच.

रात्री भाऊजींना तिच्यापाशी ठेवून मी घरी आले आणि शनिवारी सकाळी लवकर उठले. ज्वारीच्या दोन भाकरी केल्या, मुगाची आमटी केली, डबा भरला. चहा केला नाही, स्वतःसाठी काही घेतलं नाही. पहिल्या एसटीने श्रीरामपूरला गेले. आक्काला उठवून बसवलं, पुढ्यात भाकरी कुस्करून दिली आणि संपेपर्यंत समोर उभी राहिले. मग डॉक्टरला विचारून गोळी दिली.

"आजपासून दुपारची बारी मी घेतेय," मी सांगितलं. "उपाशी बसणार आहे. तुझंच मागणं मागणार, माझ्या पद्धतीने. पण दर खेपेला बसायच्या आधी मी तुला एकच विचारणार, जेवलीस का. तू जेवली नाहीस त्या दिवशी मी उठून जाईन."

ती म्हणाली, "गुडग्याखाली गोनपाट घे. फरशी लई तापती."

परत येताना मी आधी अध्यक्षीणबाईंच्या दारात गेले. उपदेशकांची गाडी तिथेच होती, आत नाश्त्याच्या बशा वाजत होत्या. बाई बाहेर आल्या.

"आज बाराची बारी माझी आहे," मी म्हणाले. "एकची तुमची. एक वाजता या आणि हात ठेवा. नाही आलात तर मी तिथून उठून इथे येईन, तुमच्या पाहुण्यांच्या समोर गुडघे टेकीन आणि उरलेली प्रार्थना इथेच करीन. मोठ्याने."

त्या म्हणाल्या, "येते हो, येते." मी घरी गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले.